आक्कांचा बंद हुकूम

आक्का, काल तुमचं तेरावं झालं. बुंदीचा पाक पातळ झाला होता, लाडू वळता वळत नव्हते. तुम्ही असता तर आचाऱ्याला समोर बसवून शिकवलं असतं. शाळेच्या बाई दोन शब्द बोलायला उभ्या राहिल्या आणि ‘शांत, संयमी स्वभाव’ असं म्हणाल्या, तेव्हा शेजारच्या कमलनं मला कोपरानं ढोसलं. पत्त्यांच्या डावात तुमची दश्शी कुणी मारली की तुमचा संयम कुठं जायचा, ते आपल्या सतरंजीवर बसणाऱ्या बायकांना विचारावं. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. बायका कुजबुजल्या, भावजय असून नणंदेसाठी किती रडायलीय बघा. खरंच रडत होते म्हणा.

नोकरी कुठं केली, चित्रकलेच्या परीक्षांना किती मुली बसवल्या, ते सगळं सांगून झालं. त्यातलं मला काही लिहायचं नाही. मला तुमच्याशी पत्त्याच्या एका पानाबद्दल बोलायचंय. ते पान आत्ता माझ्यासमोर साडीच्या खोक्यात पालथं पडलंय. भोवती चार कोपऱ्यांत आपल्या चौघींचे हात, रबर लावून ठेवलेले. इंदूताईंनी ठेवलेत तसे. त्या दिवशी रिक्षा बोलवायच्या गडबडीत घरात माणसं पायावर पाय देत होती, आणि या शिवणकाम करणाऱ्या बाईनं खाली बसून, कुणाचं पान कुणात न मिसळता, मशीनच्या खणातली रबरं आणून डाव जसाच्या तसा उचलून ठेवला. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. आता वाटतं, बरं केलं.

ती दुपार पुन्हा सांगते. तुम्हाला माहीत आहे, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेंढीकोट चालू होता; दश्श्या म्हणजे मेंढ्या, जी जोडी जास्त गोळा करील तिचा डाव. तुम्ही माझ्या भिडू, माझ्या समोर. कमल आणि इंदूताई एकमेकींच्या भिडू. कमलनं वाटलं होतं, म्हणून हुकूम तुमचा. आणि तुमचा नेहमीचा हट्ट, बंद हुकूम. आपल्या हातातलं एक पान काढून सतरंजीच्या मधोमध पालथं ठेवायचं. त्याचा रंग तो हुकूम, पण तो कोणता ते ठेवणारीशिवाय कुणाला कळायचं नाही, भिडूलाही नाही. उतारी ज्या रंगाची, तो रंग कुणाच्या हातात नसला की तिनं म्हणायचं, ‘हुकूम खोला.’ मग ते पान उलटायचं, आणि तिच्याकडं हुकुमाचं पान असलं तर तिनं उतारी मारायची.

इंदूताईंनी चौकटचा राजा उतरला. पाळी माझी. माझ्याकडं चौकट नव्हती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही हात पुढं केलात आणि त्या पालथ्या पानावर तळवा ठेवलात. माझ्याकडं पाहिलं नाहीत. मग दुसऱ्या हातातली पानं खाली ठेवलीत, नीट, एकावर एक, पालथी, आणि भिंतीला टेकलात. “बाळूला बोलव,” म्हणालात. तुमचा भाऊ आतून आला, रिक्षा आली, गंगाखेडहून परभणीला नेलं, आणि तुम्ही पुन्हा बोलला नाहीत.

आक्का, तो हात कशाचा होता?

चक्कर आली म्हणून टेकलात? मग त्या क्षणी तुम्हाला काहीतरी होत होतं, भीती वाटत असेल, आणि आम्ही तिघी आपापल्या पानांत डोकं घालून बसलो होतो. की मला अडवलंत? हुकूम चौकटचाच असेल तरच अडवण्यात अर्थ होता. उतरलेलीच चौकट, मी हुकूम खोलायला लावून मला काहीच मारता आलं नसतं, उलट गुपित फुकट फुटलं असतं. बाकी कोणताही रंग असता तर तुम्ही मला कशाला अडवाल? मी राजा मारला असता, तुम्ही मांडीवर थाप मारली असती. पण अडवणं म्हणजे खूण करणं. आणि खाणाखुणा म्हणजे तुमच्या लेखी चोरी. एकदा कमलनं कान खाजवला, नुसता खाजवला, तर तुम्ही कॅट गोळा करून आत निघून गेलात, आणि तिनं डोक्यावर हात ठेवून शपथ घेतल्यावर बाहेर आलात.

तर असं आहे. पान उलटलं की कळेल. पण डावाबाहेर हुकूम उलटणं मला जमलेलं नाही. दोनदा खोकं उघडलं, दोनदा झाकलं.

ही पानंही साधी नाहीत ना. आपल्या जुन्या कॅटमध्ये बदाम राणीच्या पाठीवर चहाचा डाग होता, किलवर एक्क्यावर इंदूताईंच्या मसाल्याच्या बोटाचा ठसा. इस्पिक सत्तीचा कोपरा मांजरीनं खाल्लेला. त्या कॅटचा बंद हुकूम म्हणजे नुसतं नाटक, पालथं ठेवलेलं पान अख्ख्या गल्लीला ओळखू यायचं. हा कॅट अमेरिकेचा आहे, निळ्या वेलबुट्टीच्या पाठीचा, वेलीत दोन पाखरं, एक वर, एक खाली. पाठीकडून पाहून काही म्हणजे काही कळत नाही. मला तर हल्ली समोरून पाहूनही कळत नाही.

मंजूच्या बाळंतपणाला आपण दोघी गेलो होतो. माझ्या पोरीचं बाळंतपण, आणि निघताना तुमच्या पिशवीत चित्रकलेचे खडू. तुमचा भाऊ विमानात बसायलाच तयार नव्हता, एसटीत जन्म गेला त्याचा, म्हणायचा, जिथं घंटी वाजवून थांबवता येत नाही त्या गाडीत मी बसत नाही. तिथं बर्फ पडायला लागला आणि पडतच राहिला. खिडकीबाहेर सगळं पांढरं, आवाज कसलाच नाही. बाळ झोपलेलं, मंजू झोपलेली, आणि आपण दोघी टेबलावर झब्बू खेळतोय. आपण गंगाखेडच्या आहोत हे तिथं मला खरं वाटेनासं झालं होतं. आता ती खिडकी खरी वाटत नाही.

मग मंजूनं आपल्याला गावातल्या ग्रंथालयात नेलं. तिथं काचेच्या पेटीत जुने पत्ते मांडून ठेवले होते. पिकल्या केसांची एक बाई तिथं कामाला, तिला कुणी विचारणारं भेटलं याचाच आनंद. ती इंग्रजीत बोलायची, मंजू बाळ खांद्यावर थोपटत मराठीत सांगायची, आणि तुम्ही निम्म्यातच “कळलं, कळलं” म्हणून पुढच्या पेटीशी जायचात. चित्रातलं तुम्हाला कशाला कुणी सांगायला हवं!

पूर्वी पत्त्यांची पाठ कोरी पांढरी असायची. लोक त्यावर चिठ्ठ्या लिहीत, जेवणाची निमंत्रणं लिहीत. पण कोऱ्या पाठीवर बोटाचा डाग पडला की पान ओळखू यायचं, म्हणून मग नक्षी आली, दाट, डाग पोटात घेणारी. ते ऐकून तुम्ही त्या परक्या बाईचा हात धरलात आणि मराठीत म्हणालात, “आमच्या बदाम राणीची बी हीच गत हाय हो, बाई.” तिला काय कळलं देव जाणे, ती पण हसली.

पुढच्या पेटीतल्या पानांच्या कोपऱ्यात अंकही नव्हते, अक्षरंही नव्हती. बदाम असतील तर बदाम मोजायचे, दोन्ही हातांनी पानं फाकवून बसायचं. कोपऱ्यात खूण छापायची टूम पुढं अमेरिकेत घराघरात पोचली, आणि मग पानं एका हातात गच्च पंख्यासारखी धरता यायला लागली. “म्हंजे दुसऱ्या हातानं चहा पिता येतो,” तुम्ही म्हणालात. इतिहासाचं एवढं सार मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

आणि बदामचा राजा. तो आपल्याच डोक्यात तलवार खुपसून बसलेला दिसतो ना, मला लहानपणापासून त्याची भीती वाटायची. त्या बाईंनी सांगितलं, जुन्या चित्रात त्याच्या हातात कुऱ्हाड होती. ठसे कोरणाऱ्यानं चित्रावरून चित्र कोरलं, दुसऱ्यानं त्याच्यावरून, तिसऱ्यानं त्याच्यावरून, आणि कुऱ्हाडीचं पातं कधीतरी कडेला जाऊन नाहीसं झालं. दांडा राहिला, त्याची तलवार झाली. अमेरिकेतल्या छापणाऱ्यांनी ती चूक तशीच उचलली आणि आता तीच बरोबर धरतात. तुम्ही किती वेळ त्या राजासमोर उभ्या होतात! मग सांगितलंत, पहिल्या बाकावर तुम्ही मोराचं चित्र द्यायचात आणि प्रत्येक बाकानं पुढच्या बाकावरून नक्कल करायची. शेवटच्या बाकापर्यंत मोराचे पाय जायचे, कधी तुरा जायचा. “मी मार्क त्याच पोरींना जास्त द्यायची,” म्हणालात. हे मला शाळेच्या बाईंनी काल सांगितलं नाही.

निघताना दाराजवळच्या टेबलावर लोकांनी आणून टाकलेलं जुनं सामान होतं, त्यात हा निळा कॅट. घरी येऊन मोजला तर किलवर पंजी नाही. झालं, आपली रीत. जोकर काढला आणि तुम्ही त्याच्या कपाळावर बॉलपेनानं लिहिलंत, ‘किलवर पंजी’. लिहिता लिहिता थांबलात. कारण त्या बाईंनी सांगितलं होतं की जोकर हा तिकडचाच जन्मलेला. कुठल्याशा खेळात सगळ्यांवर मात करणारं एक जादा पान हवं होतं, म्हणून तो आला. राजांच्या वर, एक्क्याच्या वर. “बघ सुले,” तुम्ही म्हणालात, “तिकडं सगळ्यांच्या डोक्यावर बसायचा. आपल्या घरी आला अन् पंजी झाला.” मी म्हटलं, “जावयाचं बी असंच असतं.” मंजूचा नवरा शेजारीच बसला होता.

आपलं भांडण मात्र इस्पिक एक्क्यावरून सुरू झालं. आठवतं? इंग्रजांच्या राजाचा कर पत्त्यांवर होता, त्याचा शिक्का या एक्क्यावर मारायचे, आणि कुणी खोटा एक्का छापला तर फाशी. तिकडं स्वातंत्र्य आलं, राजा गेला, शिक्का गेला, तरी एक्का तेवढाच थोरला राहिला. आत छापणाऱ्यानं आपलं नाव घातलं. काही जणांनी तर पत्त्यातले राजेच काढून टाकले. आपल्या पुढाऱ्यांची चित्रं घातली, कुणी गरुड, कुणी तारे, कुणी ढाली. त्यांनी म्हटलं, आता आपल्याला राजे कशाला? पण लोक ते कॅट घेईनात. थोड्याच काळात राजे परत आले, राण्या आल्या, गुलाम आले.

का आले? मी म्हटलं, सवय. बोटांना सवय झाली की माणूस दुसरं घेत नाही. मी वीस वेळा सांगून तुम्ही गॅसचा लायटर घेतलात का? तुम्ही म्हणालात, “न्हाई सुले. राजा नसला तर एक्क्यानं मारायचं कुणाला? लोकांनी राजे ठेवले ते मारायला ठेवले.” मग विमानतळावर, विमानात, मुंबईहून येताना रेल्वेत हेच. परभणी स्टेशन गेलं तरी हेच. इथं आल्यावर कमल-इंदूताईंनाही ओढलंत. कमल म्हणाली, “आमच्या आजाच्या काळापसून आमी बादशा म्हणतो, निजाम गेला तरी बादशाच म्हणतो, कुणी काढला का?” तुम्ही म्हणालात, कमलचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे. मी म्हटलं, माझ्या बाजूचा. तो वाद काही संपला नाही. गेल्या पोळ्यालाही पुरणाला चटका देता देता तुम्ही तो काढला होतात, आणि मी पुरण लागेल म्हणून तुम्हाला गप्प केलं होतं.

आता मला उत्तर सुचलंय, आणि ऐकायला तुम्ही नाहीत. याचा मला इतका राग येतोय!

आक्का, त्या लोकांचे पुढारी त्यांचे लाडके असतील. त्यांच्यासाठी लढलेले, घरातल्यासारखे. आणि पत्त्याच्या खेळात काय करायचं असतं? हातातलं पान टाकायचं असतं. धरून बसून डाव होत नाही. मग लाडक्या माणसाचं पान टाकायचं, त्याच्यावर कुणीतरी एक्का मारणार, गोळा करणार, पिसणार. ते त्यांच्या हातून झालं नसेल. परका राजा टाकायला काही वाटत नाही. आपलं माणूस टाकवत नाही. म्हणून राजे परत आले. सवयही नाही आणि मारायची हौसही नाही. तुम्ही खोडून काढलंच असतं काहीतरी, पण मला हेच बरोबर वाटतं.

मी दुपारी पडते, झोप अशी येत नाही. डोळा लागतो तेव्हा गोदावरीच्या घाटावर बर्फ पडत असतो. वाळू पांढरी, पायऱ्या पांढऱ्या, आवाज नाही. पाण्याच्या कडेला पत्त्यातले राजे-राण्या उभे असतात; वरचं रूप काठावर, उलटं रूप पाण्यात, कमरेशी जोडलेली. पाय कुणालाच नाहीत. त्यांच्यात तुम्ही शोधायला जावं तर सगळ्यांची पाठ निळी. मी हाका मारते, “आक्का, चला, चहा झालाय,” आणि जाग येते तेव्हा पंखा फिरत असतो, आणि चहाची वेळ झालेली असते. उठून दोन कपांचं आधण ठेवते. एक कप तुमच्या भावाला देते. तो सध्या न सांगता पितो.

तो फार गप्प आहे, आक्का. दवाखान्यात तुमच्या उशाशी तोच होता. तिथून आल्यापासून बाहेरच्या खोलीत बसतो, तिकिटाची पेटी मांडीवर असल्यासारखे हात मांडीवर ठेवून. विचारलं तर म्हणतो, “काई न्हाई.” तुम्ही त्याला हातानं भरवून वाढवलंत, तो मला कशाला सांगेल?

दारात चपला वाजल्या. कमल आलीय, इंदूताईही असणार. मी त्यांना या म्हटलं नव्हतं.

इथवर सकाळी लिहिलं होतं. आता दिवेलागण झालीय. तुळशीपाशी दिवा लावून आले आणि पुन्हा बसले.

त्या आल्या, पाणी प्यायल्या, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि कमल सरळ सतरंजी अंथरायला लागली. मी म्हटलं, “हे काय करायलीस?”

“डाव पुरा करायचाय, वहिनी. असा अर्धा डाव ठेवू न्हाई घरात. माझी सासू म्हणायची, अर्धा डाव मोडलेल्या खाटंवानी असतो, येता-जाता ठेचाळतंय माणूस.”

तिची सासू असं कधी म्हणाली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक आहे. कमल आपलं म्हणणं सासूच्या तोंडी घालते.

“चौथी कोण?” मी विचारलं. “माझी भिडू कुठाय?” इंदूताईंनी खोकं उघडलं, ज्याचा हात त्याच्या जागी ठेवला, चौकटचा राजा होता तिथं उताणा ठेवला, आणि मधोमध ते पान. तुमचा हात तुमच्या जागी ठेवला, रबरासकट. भिंतीला तुमच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, त्याच्यासमोर.

तेव्हा तुमचा भाऊ बाहेरच्या खोलीतून आला. पत्ते म्हणजे निकम्म्याचे धंदे म्हणणारा तुमचा भाऊ! दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मी बसू का आक्काच्या जाग्यावर? लहानपणी तिनंच शिकवलं होतं मला.”

कुणी हो म्हणायच्या आधी बसलाही. रबर काढलं. तुमची पानं हातात घेतली. आणि मग काय करायला लागला सांगू? एक एक पान काढायचा, फिरवायचा, परत घालायचा. त्याला राजे सरळ करायचे होते. कमल लगेच म्हणाली, “भाऊ, चित्राची पानं हायत जणू हातात.” तो चपापला. मी त्याला सांगितलं, “अहो, दोन्हीकडून सरळच आहेत ती. दोन तोंडं त्याच्यासाठीच केलीत. पूर्वी एक तोंडाचा उभा राजा असायचा, पायासकट. उलटा आला की लोक सरळ करायचे, आणि समोरच्याला कळायचं याच्याकडं राजा आहे.” हे मला तुम्ही त्या काचेच्या पेटीशी सांगितलं होतं. मी ते असं बोलून गेले जणू माझंच.

त्यानं पानं छातीशी धरली आणि म्हणाला, “हं. बोला. पाळी कुणाची हाय?”

पाळी माझी होती. समोर चौकटचा राजा, माझ्या हातात एकही चौकट नाही. मी त्या पालथ्या निळ्या पानाकडं पाहिलं. आक्का, मला ते उलटायला नको होतं. ते पालथं होतं तोवर दोन्ही गोष्टी शक्य होत्या. इस्पिक निघालं, बदाम निघालं, किलवर निघालं, की मग मला जन्मभर ती दुपार वेगळी दिसणार होती. तुम्ही हात टेकताय आणि आम्ही पाहत नाही, अशी.

“हुकूम खोला,” मी म्हटलं.

तुमच्या भावानं हात पुढं केला. तुमच्यासारखीच बोटं आहेत त्याची, मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं पान उलटलं.

चौकटची सत्ती.

कमलनं दोन्ही हात गालावर मारून घेतले. “अगं बाई बाई बाई! आक्कांनी रडी केली! आमच्या डोळ्यादेखत! अन् मी कान खाजवला तर मला शपथ घ्याय लावली!”

“खूण केली आक्कांनी,” इंदूताई म्हणाल्या. “आक्कांनी!” आणि ती कधी दात न दाखवणारी बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. जरा वेळानं डोळे पुसत म्हणाल्या, “तसा योगायोग बी असंल.” मी त्यांना म्हटलं, “इंदूताई, तुमी गप बसा.”

मी हसतही होते आणि माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तुमच्या भावाला काहीच कळेना. तो एकदा सत्तीकडं, एकदा माझ्याकडं. “काय झालं? वाईट पान हाय का?” मग मी त्याला सांगितलं, आधीपासून, सगळं. तळवा कसा ठेवलात, का ठेवलात. हुकूम चौकटचा होता म्हणूनच ठेवलात. डाव वाचवायला ठेवलात. जन्मात पहिली खोडी केलीत ती माझ्यासाठी.

तो ऐकत राहिला. पानं खाली आली होती, सगळ्यांना दिसत होती, पण कुणी त्याला टोकलं नाही. मग अगदी हळू म्हणाला, “म्हंजे तवर तिला काई होत नव्हतं?”

“न्हाई.”

“खेळायलीच होती?”

“खेळायलीच होती हो. लबाडी करायली होती.”

तुमचा भाऊ रडला, आक्का. परभणीहून आल्यापासून पहिल्यांदा रडला, दोन बायकांदेखत, पानं हातात धरून. कमल उठून पाणी घेऊन आली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसले. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की तुमची शेवटची दुपार तुमच्याच हातात होती, शेवटपर्यंत. याच्यासाठी कुणाचे उपकार मानायचे ते मला कळत नाही. तुमचेच मानते.

मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, “चला, कुणाची उतारी?” आम्ही डाव खेळलो. तो फार वाईट खेळतो. तुमच्या हातात चौकटचा एक्का होता, त्यानं इंदूताईंचा राजा मारला तोवर ठीक, पण पुढं माझी दश्शी जिंकत असतानाच तिच्यावर हुकूम वाया घालवला, आणि दोन मेंढ्या कमलच्या घशात घातल्या. मी त्याला बोलले. चांगलं खणखणीत बोलले, तुम्ही मला बोलायचात तसं. त्यालाही बरं वाटलं असावं. हुकूम फुटलेला, भिडू असला, आम्ही सपशेल हरलो.

हरेल त्यानं पिसायचं. पानं गोळा करून कमलनं माझ्यापुढं सरकवली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुमचा हात आता कुठंच नव्हता. तुम्ही लावून ठेवलेला, इंदूताईंनी जपलेला, माझ्या खोक्यात झोपलेला हात बावन्न पानांत गेला होता. चौकट सत्ती वरतीच होती. क्षणभर वाटलं, तेवढी काढून घ्यावी, फोटोमागं ठेवावी. तिच्या जागी दुसरा जोकर आहेच, त्याच्या कपाळावर लिहिलं की झालं. कमलला कळलं असणार. ती दुसरीकडं बघत बसली.

नाही काढली. पान कमी करून खेळलेलं तुम्हाला चाललं नसतं.

“वहिनी, पिसा,” कमल म्हणाली.

मी पिसले, आक्का. चांगले पिसले. आणि चौघांना वाटले.